प्रवाळ मत्स्यालयातील ऊतिक्षय

प्रवाळ मत्स्यालयातील ऊतिक्षय म्हणजे बंदिस्त खाऱ्या पाण्यात वाढवलेल्या प्रवाळाचा सजीव थर सांगाड्यापासून सुटून पांढरा, उघडा सांगाडा मागे राहणे. हा एकच एक रोग नसून अनेक कारणांचे समान लक्षण आहे. काही वसाहतींत तो आठवडेच्या आठवडे हळूहळू सरकतो. अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या प्रवाळात मात्र एका दिवसात संपूर्ण वसाहत नष्ट होऊ शकते. जलद प्रकारात व्हिब्रिओ प्रजातीचे जीवाणू आढळतात. परंतु ते मूळ कारण असतात की दुबळ्या झालेल्या ऊतींवर मागाहून वाढतात, याविषयी एकमत नाही.

विरंजनापासून वेगळेपण

ऊतिक्षय आणि विरंजन यांत नेहमी गल्लत होते. विरंजनात प्रवाळाच्या ऊतींत राहणारी झूझँथेली ही सूक्ष्म शैवाले बाहेर पडतात व पारदर्शक ऊतींतून पांढरा सांगाडा दिसतो. पॉलिप जिवंत असतात आणि परिस्थिती सुधारल्यास रंग परत येऊ शकतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणच्या उथळ प्रवाळक्षेत्रातही विरंजनाची नोंद झालेली आहे. ऊतिक्षयात मात्र ऊतीच उरत नाहीत. भिंगातून पाहिल्यास सांगाड्याचे कप रिकामे दिसतात आणि काही दिवसांतच त्यांवर शैवाल चढते.

लक्षणांवरून निदान

क्षय कोठून सुरू झाला, ही सर्वांत उपयुक्त खूण होय. बुडापासून वर सरकणारा संथ क्षय बहुधा अल्कतेतील चढउतार, अपुरा प्रकाश किंवा मंद प्रवाह यांकडे बोट दाखवतो. फांद्यांची टोके आधी जळाल्यासारखी दिसत असतील, तर अल्कता जास्त आणि नायट्रेट-फॉस्फेट जवळजवळ शून्य, अशी स्थिती असण्याचा संभव असतो. उघड्या भागालगत अंड्यांचे पुंजके वा चावल्यासारखे गोल डाग असल्यास प्रवाळभक्षी चपटे कृमी शोधावेत. तेथे पाण्याच्या चाचण्या कितीही केल्या तरी व्यर्थ आहेत.

पाण्याचे रसायन

समुद्राच्या पाण्याची क्षारता दर किलोग्रॅमला सुमारे ३५ ग्रॅम, सामू ८.१ च्या आसपास, कॅल्शियम दर लिटरला सुमारे ४१० मिलीग्रॅम, मॅग्नेशियम सुमारे १,२९० मिलीग्रॅम, तर अल्कता कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सुमारे १२० मिलीग्रॅम (जवळपास ७ जर्मन अंश) असते. प्रवाळ सांगाडा बांधताना कॅल्शियम आणि अल्कता ठरावीक प्रमाणात वापरतात, परंतु दोहोंचे साठे सारखे नसतात. दर लिटर पाण्यातून ५० मिलीग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट सांगाड्यात गेले, तर कॅल्शियम ४१० वरून ३९० वर येते; ही घट चाचणी संचाच्या चुकीतही लपून जाईल. तेवढ्यानेच अल्कता मात्र १२० वरून ७० वर घसरते. म्हणूनच केवळ कॅल्शियम मोजून ‘पाणी ठीक आहे’ असा निष्कर्ष काढणे ही नवशिक्यांची सर्वांत महागडी चूक ठरते. अल्कता दररोज एकाच वेळी मोजून वहीत लिहिणे अधिक मोलाचे असते. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याची आठवडाभराची चाल अधिक सांगते.

अल्कता कमी आढळल्यास ती एका दिवसात १ जर्मन अंशापेक्षा अधिक वाढवू नये. १०० लिटर पाण्यात सुमारे ३ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवल्यास एवढी वाढ होते. घाईने केलेली दुरुस्ती मूळ घसरणीइतकीच घातक असते. मॅग्नेशियम फार कमी असेल, तर घातलेले कॅल्शियम व कार्बोनेट पाण्यातच अवक्षेपित होतात आणि मात्रा वाढवूनही आकडा हलत नाही.

सातारा व सांगली परिसरातील पाणी

किनाऱ्यापासून दूर असलेल्या या जिल्ह्यांत मत्स्यालयाचे खारे पाणी बहुधा कृत्रिम मीठ मिसळून तयार करावे लागते. कोकणातून घाट चढवून आणलेले समुद्राचे पाणी पावसाळ्यात निरुपयोगी असते, कारण नद्यांच्या लोंढ्याने किनाऱ्यालगतची क्षारता घटते व गाळ वाढतो. गोड्या पाण्याची अडचण वेगळी. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांतील बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते, तर कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात खतांमुळे नायट्रेटची शक्यता राहते. कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवन जलद होते. उडून जाते ते केवळ पाणी, क्षार टाकीतच राहतात. समजा, १०० लिटरच्या टाकीत रोज २ लिटर भर घातली आणि त्या पाण्याची अल्कता ४०० मिलीग्रॅम असली, तर टाकीत दर लिटरला रोज ८ मिलीग्रॅमची भर पडते. प्रवाळ थोडे असल्यास हा आकडा चढत जातो आणि मालक मात्र मिठाला दोष देत राहतो.

भरीसाठी आरओ व त्यापुढे आयन विनिमय रेझिनमधून गाळलेले पाणी वापरतात. घरगुती पिण्याच्या यंत्रांपैकी अनेकांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळण्याची सोय असते; ती बंद केल्याशिवाय ते पाणी उपयोगाचे नसते. वीज गेल्यावर पंप थांबून प्राणवायू घटतो व मे महिन्यात तापमानही वाढते, म्हणून क्षय सुरू होण्याआधीच्या दोन-तीन दिवसांत वीज किती वेळ गेली होती, हेही तपासावे.

उपाययोजना

क्षय जलद असल्यास निरोगी फांदी मृत भागापासून सेंटिमीटरभर सोडून कापतात, आयोडीनयुक्त द्रावणात बुडवतात आणि शक्य झाल्यास वेगळ्या टाकीत ठेवतात. मूळ वसाहत वाचली नाही तरी तिचा तुकडा वाचतो. टाकीतील १० ते २० टक्के पाणी बदलणे व सक्रियित कोळसा वापरणे हितकारक असते. मात्र नव्या पाण्याची क्षारता, तापमान व अल्कता टाकीशी जुळलेली असावी.

कायदेशीर स्थिती

भारतात २००१ मध्ये सर्व अश्मप्रवाळांचा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला. त्यामुळे ते समुद्रातून काढणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. अश्मप्रवाळ साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातही आहेत आणि २०२२ च्या दुरुस्तीने या कराराच्या तरतुदी देशाच्या कायद्यात आल्या. सांगलीतील टाकीत मेलेल्या वसाहतीच्या जागी मालवणहून दुसरी आणणे हा पर्याय त्यामुळे उपलब्धच नाही.