वाढलेल्या बांगड्यांची बाग

बांगडी फुटली असे आपल्या घरांत म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. शब्दाने आपण अशुभ टाळतो, काच मात्र केरातच जाते. रद्दी आणि पितळ-लोखंड यांना गिऱ्हाईक असते. बांगडीची काच, फुटकी कपबशी, तडकलेली फरशी यांना कोणी विचारीत नाही. अशा निरुपयोगी वस्तूंना मानाचे स्थान मिळाल्याचा इतिहास चंडीगडच्या ‘रॉक गार्डन’मध्ये पाहावयास मिळतो.

तिचे निर्माते नेकचंद सैनी यांचा जन्म १९२४ साली, आज पाकिस्तानात असलेल्या शकरगड भागातील एका खेड्यात झाला. फाळणीने घर सुटले. पुढे नव्याने वसणाऱ्या चंडीगडमध्ये ते बांधकाम खात्यात रस्ते-निरीक्षक झाले. या शहरासाठी अनेक जुनी गावे उठली होती. त्या घरांचे अवशेष नेकचंद वेचू लागले. १९५७ च्या सुमारास, कचेरी सुटल्यावर, सुखना तलावाजवळच्या राखीव रानात त्यांचे काम गुपचूप सुरू झाले. मोडक्या सायकलींच्या सांगाड्यावर सिमेंटचा लेप द्यावयाचा आणि तो ओला असतानाच त्यात काचा व कपबशांचे तुकडे दाबून बसवावयाचे. त्यातून माणसे, पशु, पक्षी उभे राहिले.

१९७५ साली ही गोष्ट उघडकीस आली. सरकारी जमिनीवर, परवानगीवाचून, बारा एकरांची सृष्टी! आम्ही सारे आयुष्य केंद्र सरकारच्या नोकरीत घालविले आहे. नियमाप्रमाणे ती पाडणेच प्राप्त होते, हे आम्ही जाणतो. परंतु लोकांनी ती उचलून धरली आणि प्रशासनानेही शहाणपण दाखविले. १९७६ मध्ये बाग सर्वांस खुली झाली. नेकचंदांना त्याच कामासाठी पगार व पन्नास मजूर मिळाले. शहरात टाकाऊ वस्तू जमा करण्याची केंद्रे निघाली. १९८४ साली त्यांना ‘पद्मश्री’ लाभली. १९९० च्या सुमारास रस्त्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा नागरिक आडवे उभे राहिले. २०१५ साली नेकचंद निवर्तले, बाग आहे.

बदलीच्या गावी सामान सोडताना एखादी तरी बशी फुटलेली निघतेच. ती टाकण्यापूर्वी आम्हांस हा गृहस्थ आठवतो. मातीच्या कुंडीला सिमेंटचा हात देऊन त्यावर ते तुकडे बसविणे कोणासही जमेल. ज्याचे घर सुटले, त्यानेच सुटलेल्या तुकड्यांना घर दिले. त्या बागेत बांगड्या खरोखरच वाढल्या आहेत.