लीजनचा ज्वर आणि इलोइलोची माती

औषध रोगाच्या मागून येतें, असा सर्वसाधारण समज आहे. शत्रु प्रथम ओळखावा व मग त्याच्यासाठीं शस्त्र घडवावें, हाच क्रम मनाला स्वाभाविक वाटतो. परंतु वैद्यकाच्या इतिहासांत कधीं कधीं शस्त्र आधींच घरांत असतें. तें कोणावर चालवावयाचें, एवढेंच ठाऊक नसतें. लिजिओनेला नांवाच्या जंतूपासून होणाऱ्या फुप्फुसदाहाची हकीकत अशीच आहे.

१९७६ हें अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचें वर्ष. त्या वर्षीं २१ ते २४ जुलै या दिवसांत ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्या पेनसिल्व्हेनिया शाखेचें अधिवेशन फिलाडेल्फिया शहरीं, बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड या जुन्या व दिमाखदार हॉटेलांत भरलें. अधिवेशन आटोपून मंडळी आपापल्या गांवीं परतली आणि थोड्याच दिवसांत एकामागून एक अंथरुणास खिळूं लागली. कडक ताप, खोकला, अंगदुखी आणि पाठोपाठ फुप्फुसदाह. एकूण २२१ माणसें आजारी पडलीं व त्यांतील ३४ दगावलीं. यांपैकीं ३९ जणांचा अधिवेशनाशीं कांहींच संबंध नव्हता. त्यांचें वावरणें केवळ हॉटेलाच्या आसपासच्या रस्त्यावर झालें होतें. उलट, रोग्याची शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसांना मात्र बाधा झाली नाहीं. रोगाचें कारण कांहींही असो, तें माणसाकडून माणसाकडे न जातां हवेंतून आलें असावें, असा तर्क यावरून निघाला.

प्रथम संशय आला तो डुकरांच्या इन्फ्लुएंझाचा. तो निराधार ठरला. मग विषांचा शोध झाला, निकेल धातूच्या वाफेपर्यंत तर्क धांवले. पण हातीं कांहीं लागलें नाहीं. गिऱ्हाइकांनीं पाठ फिरवल्यामुळें त्याच वर्षीं नोव्हेंबरांत हॉटेलाचे दरवाजे बंद झाले.

अ‍ॅटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्रांत जोसेफ मॅक्डेड नांवाचे शास्त्रज्ञ होते. बाधा दिलेल्या गिनीपिगांच्या ऊतींत त्यांना उन्हाळ्यांतच कांहीं तुरळक दंडाकृति जंतु दिसले होते. परंतु ते बाहेरून मिसळलेले असावेत, असें समजून त्यांनीं ते बाजूला सारले. डिसेंबरअखेर त्यांनीं त्याच कांचपट्ट्या पुन्हां सूक्ष्मदर्शकाखालीं घेतल्या आणि एके ठिकाणीं या जंतूंचा पुंजकाच त्यांच्या दृष्टीस पडला. मग कोंबडीच्या अंड्यांत, इतर जंतूंना मारणारें औषध न घालतां, त्यांनीं तो वाढविला. बऱ्या झालेल्या रोग्यांच्या रक्तद्रवानें त्याला नेमकें ओळखलें. १८ जानेवारी १९७७ रोजीं हा शोध जाहीर झाला. हा जंतु नेहमींच्या रंगानें नीट रंगत नाहीं आणि लोह व सिस्टीन यांची खास तजवीज केल्यावांचून बशींत वाढत नाहीं. म्हणूनच तो इतके दिवस नजरेआड राहिला होता. जुने राखून ठेवलेले रक्तद्रव तपासतां १९६५ मध्यें वॉशिंग्टनच्या एका रुग्णालयांत व १९६८ मध्यें मिशिगनमधील पॉन्टिअ‍ॅक गांवीं आलेल्या सांथींचा उलगडाही झाला.

जंतु सांपडण्यापूर्वींच उपचाराचा धागा मात्र हातीं आला होता. रोग अज्ञात असल्यामुळें डॉक्टर आपापल्या अंदाजानें औषधें देत होते. पुढें रोग्यांच्या नोंदी एकत्र करून पाहतां असें आढळलें कीं, एरिथ्रोमायसिन किंवा टेट्रासायक्लिन ज्यांना मिळालें, त्यांच्यांत मृत्यूंचें प्रमाण कमी होतें. पेनिसिलिनच्या गोत्रांतील औषधांना असें यश आलें नव्हतें.

हें एरिथ्रोमायसिन तरी कोठून आलें? फिलिपाइन्समधील इलोइलो येथील मातीचा एक नमुना आबेलार्डो अगिलार या डॉक्टरांनीं १९४९ मध्यें अमेरिकेंतील एली लिली या औषधी कंपनीकडे धाडला. त्या मातींतील जीवापासून जें औषध निघालें, तें १९५२ मध्यें प्रसिद्धीस आलें व त्या ठिकाणाच्या नांवावरून ‘इलोटायसिन’ या नांवानें विकलें गेलें. म्हणजे फिलाडेल्फियाचा प्रसंग ओढवला तेव्हां हें औषध चोवीस वर्षांचें जुनें होतें. पेनिसिलिन न सोसणाऱ्या रोग्यांस तें सर्रास दिलें जात असे.

मग एका औषधानें गुण यावा व दुसऱ्यानें येऊं नये, याचें कारण काय? तें १९८० च्या सुमारास उमगलें. शरीरांत शिरलेल्या जंतूंना गिळून टाकणें, हें रक्तांतील व फुप्फुसांतील भक्षक पेशींचें काम. लिजिओनेला या पेशींकडून गिळला जातो, पण मरत नाहीं. रक्षकाच्याच पोटांत बसून तो वाढतो. ही विद्या तो पाण्यांत शिकला. तळीं, नद्या, कोमट पाण्याच्या टाक्या व वातानुकूलनाचे शीतक मनोरे यांत राहणाऱ्या अमीबांच्या पोटांत त्याची वस्ती असते. आणि पाण्याचे बारीक तुषार श्वासावाटे आंत गेले कीं, माणसाची पेशी त्याला अमीबासारखीच वाटते. पेनिसिलिन रक्तांत भरपूर पोंचतें, परंतु पेशींच्या आंत पुरेसें शिरत नाहीं. एरिथ्रोमायसिन शिरतें. वेढा बाहेरून घालून भागत नव्हतें; किल्ल्याच्या आंत जाणारा शिपाई हवा होता.

एरिथ्रोमायसिनचे दोषही होते. तें दिवसांतून चार चार वेळां घ्यावें लागे, जठरांतील आम्लानें त्याचा नाश होई आणि पोट बिघडे. १९८० मध्यें झाग्रेब येथील प्लिव्हा कंपनीच्या संशोधकांनीं त्याच रेणूंत फेरफार करून अ‍ॅझिथ्रोमायसिन सिद्ध केलें. तें आम्लांत टिकतें, पेशींत साठून राहतें व दिवसांतून एकदां घेतलें तरी पुरतें. लेव्होफ्लॉक्सासिन हें निराळ्या कुळांतील औषधही पेशींत शिरतें, आणि त्याच्या गोळीचा जवळजवळ सर्व अंश रक्तांत उतरतो. यामुळें सौम्य रोग्यास तोंडावाटें औषध देऊन बरें करणें शक्य झालें. ज्याचा श्वास कोंडला आहे किंवा ज्याच्या पोटांत गोळी टिकत नाहीं, त्याला मात्र रुग्णालयांत शिरेवाटेंच आरंभ करावा लागतो; ताप उतरून प्रकृति सांवरली म्हणजे तेंच औषध गोळीनें पुढें चालवितात.

लघवीच्या परीक्षेनें आतां या रोगाचें निदान लवकर होऊं शकतें. तरीही ती परीक्षा त्याच्या प्रत्येक जातीला पकडीत नाहीं. म्हणून गंभीर फुप्फुसदाहांत निदानाची वाट न पाहतां, पेशींत शिरणारें एक औषध डॉक्टर आरंभींच योजतात. फिलाडेल्फियाच्या ३४ मृतांनीं वैद्यकाला दिलेला धडा हाच आहे. औषध प्रबळ असणें पुरेसें नाहीं. शत्रु जेथें दडला असेल, तेथवर तें वेळेवर पोंचलें पाहिजे.