मावळातील धरणे आणि विस्थापनाचा आघात

मावळात विस्थापनाचा आघात आला तो धरणांबरोबर. भरपूर पाऊस आणि कोकणाकडे सरळ तुटलेला कडा यांमुळे तिथली खोरी वीजनिर्मितीला सोयीची ठरली. टाटांच्या जलविद्युत कंपनीने लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे पाणी अडवले. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे आंदर मावळात ठोकळवाडीचे धरण झाले, तर शेजारच्या मुळशीत धरणाला शेतकऱ्यांनी विरोध पुकारला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढाकाराने सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा होती.

घोषणेतली ही बरोबरी शब्दशः घ्यायला हवी. भाताचे खाचर पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून तयार होते. गावाबरोबर ग्रामदैवत, देवराई, स्मशान आणि शेजारही जातो. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात सक्तीबद्दल बाजारभावावर फक्त १५ टक्के जादा रक्कम होती. ती मिळे जमिनीच्या मालकाला. मुळशीतील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली असल्याने कसणाऱ्याच्या वाट्याला आघात आला आणि मोबदला मात्र दुसऱ्याकडे गेला. हा अन्याय केवळ पैशाचा मानणे चूक आहे.

मनाच्या अशा दुखापतीला शास्त्रीय भाषा उशिरा मिळाली. १९१५ मध्येच चार्ल्स मायर्स यांनी ‘शेल शॉक’वर लिहिले, पण ते रणांगणावरील सैनिकांविषयी होते. घर हरवल्याचा शोक मृत्यूनंतरच्या शोकासारखा असतो, हे मार्क फ्रीड यांनी १९६३ मध्ये बोस्टनच्या पाडलेल्या वस्तीतील रहिवाशांच्या अभ्यासातून दाखवले. उदासी, असहायता आणि जुन्या जागेची ओढ दीर्घकाळ टिकते. माणसे विखुरली की एकमेकांना सावरणारे नातेसंबंधही तुटतात. त्यामुळे दुःख वाढते.

पवन मावळात स्वातंत्र्यानंतर पवना धरण झाले. त्याच्या पाण्यात वाघेश्वराचे प्राचीन मंदिर बुडते आणि उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडे पडते. पुढे याच धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याला शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला. त्यानंतर २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने सक्तीबद्दलची रक्कम १०० टक्के केली आणि सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आवश्यक ठरवले.