जबडा दुखतो म्हणून ओपीजी?

कानापुढे दुखतं, आ केला की ‘कट्ट’ वाजतं, अशी तक्रार घेऊन गेलेल्या रोग्याच्या हातात बहुतेक दवाखान्यांत आधी ओपीजीची, म्हणजे अख्ख्या जबड्याच्या एक्स-रेची, चिठ्ठी पडते. त्यामागचा युक्तिवाद बिनतोड वाटतो: जबड्याचा सांधा आत दडलेला, तेव्हा आधी फोटो, मग निदान. मला हा क्रमच उलटा वाटतो.

ओपीजीत दिसतं ते हाड, तेही तिरकं आणि कवटीच्या सावल्यांत मिसळलेलं. ‘कट्ट’ आवाज बहुधा सांध्यातल्या ज्या मऊ चकतीमुळे होतो, ती त्यात उमटतच नाही. चावण्याचे स्नायूही नाहीत, आणि या दुखण्यात मोठा वाटा त्यांचाच असतो. बरं, हाडांपुरता तरी भरवसा ठेवावा? 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सीटी स्कॅनशी ताडून पाहिलं, तेव्हा झीज झालेल्या सांध्यांपैकी जेमतेम 26 टक्के ओपीजीत ओळखू आले. ‘फोटो स्वच्छ आहे’ हा दिलासाही त्यामुळे पोकळ ठरतो.

मग एमआरआय करावा, असं कुणी म्हणेल. त्यात चकती दिसते खरी. पण जबडा कधीच न दुखलेल्या साधारण एकतृतीयांश लोकांतही ती सरकलेली आढळते. सरकलेली चकती म्हणजेच दुखण्याचं मूळ, या समजुतीची किंमत 1980च्या दशकात अमेरिकेतल्या रोग्यांनी मोजली. चकत्या काढून त्या जागी टेफ्लॉनचे तुकडे बसवले गेले. ते झिजले, त्यांच्या कणांनी आजूबाजूचं हाड पोखरलं, आणि 1990-91मध्ये सरकारी यंत्रणेला ते परत मागवावे लागले.

मग निदान करायचं कसं? जबड्याच्या दुखण्यासाठीच्या 2014च्या आंतरराष्ट्रीय निदान-निकषांत स्नायूदुखीसाठी फोटोची अट नाही. गालाच्या स्नायूवर सुमारे एक किलो दाब द्यायचा आणि विचारायचं, ‘तुमचं नेहमीचं दुखणं हेच का?’ निदानाचा कणा या उत्तरात आहे. तोंड किती उघडतं, हे साध्या पट्टीनं मोजता येतं.

फोटो कधीच नको, असं मी म्हणत नाही. मार लागला असेल, दातांची ठेवण अचानक बदलली असेल, हनुवटी एका बाजूला सरकत असेल, गाठ किंवा संधिवात असेल, तर सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय सीटी स्कॅन) किंवा एमआरआय करायलाच हवा. दातातून कळ येत असल्याचा संशय असेल, तर ओपीजीही काढावा. पण निव्वळ स्नायू दुखत असेल, तर मऊ आहार, शेक, जबड्याचे व्यायाम आणि दात आवळून धरण्याची सवय मोडणं हेच उपचार. फोटोत काहीही दिसलं तरी ते बदलत नाहीत.