नागपाड्याहून पोलीस ठाण्यापर्यंत

मुंबईतल्या नागपाड्याच्या दाट वस्तीत क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी 'नेबरहूड हाउस' चालवत. नुसत्या कळवळ्यावर हे काम निभत नाही, त्यासाठी रीतसर शिकलेली माणसं हवीत, ही त्यांची धारणा टाटा विश्वस्तांना पटली. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं आणि मॅनशार्ट पहिले संचालक झाले. १९४४ मध्ये त्याचं नाव टाटा समाजविज्ञान संस्था झालं. १९५४ मध्ये ती देवनारला आली, १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठ ठरली.

या तारखांपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते क्षेत्रकार्य. वर्गातल्या तासांइतकंच वजन वस्तीतल्या, रुग्णालयातल्या दिवसांना दिलं गेलं. विद्यार्थ्याने भेटीची नोंद लिहायची, मार्गदर्शकासमोर ती वाचायची, 'तू हेच का विचारलंस?' याला उत्तर द्यायचं. १९४० पासून निघणाऱ्या 'इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क'ने भारतीय अनुभवाच्या लेखनाला हक्काची जागा दिली. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला आणि या शिक्षणाला नोकरीची वाट मिळाली.

पण संस्थेचं सगळ्यात धाडसी पाऊल मला १९८४ चं वाटतं. मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला आणि समाजकार्यकर्ती थेट पोलिसांच्या आवारात बसू लागली. नवऱ्याने मारलं म्हणून बाई ठाण्यात जायची, अदखलपात्र नोंद व्हायची आणि 'घरचं घरात मिटवा' असं ऐकून परतायची. कक्षात आधी तिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. तिला काय हवं ते तीच ठरवते. घराबाहेर काढलेल्या बाईसोबत कार्यकर्ती पोलिसांना घेऊन सासरी जाते, तिचं स्त्रीधन, दाखले, मुलांची कागदपत्रं सोडवून आणते. शाळेचा दाखला हाती नसेल तर मुलाचा प्रवेश अडतो. हे शहाणपण अशा प्रकरणांच्या नोंदींतूनच साचत गेलं, त्याच नोंदींवर संशोधन उभं राहिलं आणि पुढे राज्य शासनाने हे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत नेले. सेवा, अभ्यास आणि धोरणासाठीचा पाठपुरावा असे तिन्ही एकाच टेबलावर आले, हे या संस्थेचं खरं संचित.

त्याच वाटेने १९९० मध्ये कैद्यांसाठी 'प्रयास' आला, १९९६ मध्ये मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन. १९८६ मध्ये तुळजापूरला ग्रामीण केंद्र सुरू झालं होतं. १९९३ चा किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा संस्थेची माणसं जवळच होती. २०१८ मध्ये संस्थेच्याच 'कोशिश' या प्रकल्पाच्या सामाजिक लेखापरीक्षणाने बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातले अत्याचार उजेडात आणले.

हे सगळं पेलणारी माणसं मात्र बहुधा कंत्राटावर असतात. २०२४ मध्ये संस्थेतल्या शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीच्या नोटिसा मिळाल्या. निधीचं आश्वासन मिळाल्यावर त्या मागे घेतल्या गेल्या. २०२१ च्या आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातल्या समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला, ही मोठी गोष्ट. पण वस्तीत, तुरुंगात, पोलीस ठाण्यात काम करणाऱ्यांसाठी वकिलांना किंवा परिचारिकांना आहे तशी राष्ट्रीय परिषद अजून नाही. तिची मागणी कित्येक वर्षांची आहे, आणि ती आता पूर्ण झालीच पाहिजे.