सुजलेला अंगठा आणि बंद पडलेलं जनुक

पायाचा अंगठा लालबुंद, चादर लागली तरी जीव जातोय, अशा अवस्थेत एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले होते. गाऊट. अंगठा उतरल्यावर त्यांनी युरिक अ‍ॅसिडची गोळी परस्पर बंद केली आणि चार महिन्यांत पुन्हा लंगडत आले. "डॉक्टर, आमच्या घराण्यात हे कोणालाच नव्हतं. जन्मभर गोळी कशाला?" मग मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि त्यांचं जरा लांबचं घराणं दाखवलं.

हे घराणं आज कोणालाही घरबसल्या पाहता येतं. ७ जुलै २००० रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ शाखेने मानवी जीनोमचा कच्चा आराखडा इंटरनेटवर मोफत खुला केला. लाखो तुकडे जुळवणारा प्रोग्रॅम जिम केंट या तिथल्या विद्यार्थ्याने काही आठवड्यांत लिहिला होता. सेलेरा ही खासगी कंपनीही त्याच शर्यतीत होती आणि जनुकांवर पेटंट घेतली जातील ही केंटची धास्ती होती. पुढे याच साइटवर इतर प्राणी आले. चिंपांझीचा जीनोम सप्टेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मुख्यतः क्लिंट नावाच्या चिंपांझीच्या रक्तातून वाचला होता. क्लिंट बिचारा आदल्याच वर्षी, चोविसाव्या वर्षी, हार्ट फेल्युअरने गेला. २००७ मध्ये ऱ्हीसस माकड आलं. तुमच्या रक्तगटाच्या रिपोर्टवरचा 'आरएच' म्हणजे याच माकडाचं नाव.

शोधाच्या चौकटीत 'यूओएक्स' टाइप केलं की माणसाच्या पहिल्या गुणसूत्रावरची एक जागा उघडते. युरिकेज हे एन्झाइम बनवणारं हे जनुक. बहुतेक सस्तन प्राण्यांत हे एन्झाइम युरिक अ‍ॅसिडचं अ‍ॅलँटॉइन करतं. ते पाण्यात सहज विरघळतं आणि लघवीतून निघून जातं. आता माणसाची ओळ वाचा. जनुकाची भाषा तीन-तीन अक्षरांच्या शब्दांची असते. तेहतिसावा शब्द मुळात 'सीजीए' होता, तिथे 'टीजीए' झालं आहे. एकच अक्षर बदललं, पण टीजीए म्हणजे 'इथे थांबा'. एन्झाइम सुरुवातीलाच तुटतं. खाली चिंपांझीची ओळ पाहिली, तर तिथेही तोच 'थांबा'. ऱ्हीससच्या ओळीत मात्र तो नाही. त्याचं युरिकेज अजून चालू आहे.

हे मूळ संशोधन साइटचं नव्हे. टॉमस कॅस्की आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रयोगशाळेत घाम गाळून ते केलं. १९९२ मध्ये त्यांनी असंही दाखवलं की गिबनमध्ये हेच जनुक स्वतंत्रपणे, दुसऱ्याच बिघाडाने बंद पडलं. आपल्याला ते आज पाच मिनिटांत दिसतं, इतकंच.

म्हणजे युरिकेज आपल्यापैकी कोणाकडेच नाही. मग सगळ्यांना गाऊट का होत नाही? कारण बहुतेकांची मूत्रपिंडं युरिक अ‍ॅसिड पुरेसं बाहेर टाकतात. काहींची कमी टाकतात. त्यात वजन, दारू, रक्तदाबासाठी दिलेल्या लघवीच्या गोळ्या यांची भर पडते. अ‍ॅलोप्युरिनॉल युरिक अ‍ॅसिड तयार होणंच कमी करतं. गोळी थांबली की पातळी पुन्हा चढते, कारण जनुक काही दुरुस्त झालेलं नसतं. (नुसता रिपोर्ट वाढलाय, त्रास काहीच नाही, अशा बहुतेकांना गोळीची गरज नसते. तो वेगळा विषय.) अगदी हट्टी गाऊटसाठी अमेरिकेत २०१० मध्ये पेग्लोटिकेज हे इंजेक्शन मंजूर झालं. त्यातलं युरिकेज डुकराच्या जनुकावरून घेतलंय आणि त्याला थोडं बबून माकडाचं ठिगळ आहे.

सरांनी तूरडाळ आणि पालकही सोडला होता. तो मी परत सुरू करायला लावला. मटण, मासे आणि बिअर तेवढी कमी केली. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे माकडाला गोळी लागत नाही, मला लागते?"

"ऱ्हीससला लागत नाही, सर. चिंपांझी तुमच्या बाजूला आहे."