खानदेशातील फड आणि वाटणीचे अर्थशास्त्र

वाटणीच्या गणिताचे महत्त्व चाळीसगावकरांना निराळे सांगावयास नको. येथून जवळच्या पाटण येथील देवळात इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याचे त्यात नमूद आहे. आणि मठाच्या खर्चासाठी बाजारातील मालातून व तेलाच्या घाण्यांतून किती भाग द्यावयाचा, हेही लिहून ठेवले आहे. विद्या चालावयाची तर प्रत्येकाचा वाटा आधी ठरला पाहिजे, हे त्या काळच्या लोकांनी ओळखले होते.

शेतीच्या पाण्याबाबत हेच शहाणपण खानदेशाने दुसऱ्या एका रूपाने जपले. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकांचे लक्ष तिकडे जावयास बराच काळ लागला. त्यांचा पहिला प्रश्न होता, उत्पन्न किती वाढले? पुण्याच्या गोखले संस्थेतून प्रा. धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी प्रसिद्ध केली, ती १९४८ साली. १९७१ साली त्याच संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर व प्रा. नीळकंठ रथ यांनी दुसरा प्रश्न पुढे आणला, वाढले ते कोणाला मिळाले? १९६०-६१ साली ग्रामीण भागातील बऱ्याच लोकांना पुरेसे अन्नही मिळत नव्हते, असा त्यांचा हिशेब होता. तिसरा प्रश्न, हे किती काळ टिकेल, जगाच्या चर्चेत ठळकपणे आला तो १९८७ च्या ब्रंटलँड अहवालाने. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या अमेरिकन विदुषीने स्पेन, फिलिपाइन्स, नेपाळ येथील गावकऱ्यांचे पाट अभ्यासून दाखवून दिले, की सामाईक संपत्ती लोक स्वतःच्या नियमांनी पिढ्यानुपिढ्या राखू शकतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ज्या व्यवस्थेसाठी त्या दूरदूर हिंडल्या, तशीच एक व्यवस्था आपल्या पांझरेच्या काठी होती. शेजारच्या मोसम व आरम नद्यांवरही होती. तिलाच आपण फड म्हणतो. नदीत ठेंगणा दगडी बंधारा घालावयाचा, पाटाने पाणी काढावयाचे आणि भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा तीन-चार फड पाडावयाचे. एका फडात एका हंगामी एकच पीक. एका वर्षी एका फडात ऊस, तर पुढे तो दुसऱ्या फडात. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन बहुधा प्रत्येक फडात असे. त्यामुळे उसाचा लाभ एकाला आणि कोरडवाहूचा तोटा दुसऱ्याला, असे होत नसे. पाणी फिरवावयास पाटकरी, राखणीस जागल्या. त्यांचा मोबदला पिकातून. पाटाचा गाळ काढावयास सर्वांनी यावयाचे.

ह्या पद्धतीचा खरा कस लागे दुष्काळात. नदीला पाणी कमी असले की एखादा फड त्या वर्षी भिजवावयाचा नाही, असे ठरे. ज्याची त्याची जमीन सर्व फडांत असल्याने तोटाही सर्वांत वाटला जाई. टंचाईचा वाटा जेथे आधी ठरलेला असतो, तेथे भांडणाला जागा कमी उरते. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, ज्याचे त्याचे पाणी ज्याच्या त्याच्या मालकीचे झाले. आणि बरेच फड मोडले.

तथापि फडाचे निव्वळ कौतुक करणे हा इतिहास नव्हे. त्यात पाणी जमिनीला मिळे, माणसाला नव्हे. ज्याला जमीन नाही, त्या मजुराला तेथे काम मिळे, पाण्याचा हक्क मिळत नसे. टिकण्याचा प्रश्न फडाने सोडविला. सर्वांना सामावून घेण्याचा अर्धाच सोडविला. उरलेल्या अर्ध्याला हात घातला तो १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने. पाणी माणशी अर्ध्या एकरापुरते, भूमिहीनालाही हक्क आणि उसाला बंदी, असे तिचे नियम होते.

आता आपल्या गिरणेकडे पाहू. जामद्याचा बंधारा आपल्याच तालुक्यातला, इंग्रजी अमदानीतला. वरचे गिरणा धरण १९६९ साली पुरे झाले. म्हणजे पाणी अडविण्याची विद्या आपण मिळविली. २००५ च्या कायद्याने कालव्याचा कारभार पाणीवापर संस्थांकडे सोपविण्याची वाटही मोकळी केली. परंतु त्या संस्थांचे सभासद कोण? लाभक्षेत्रातील जमीनधारकच. फडाची उणीव आपण कायद्यात तशीच उतरवून घेतली. तिकडे रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात विहिरींचे पाणी खोल खोल चालले आहे.

म्हणून संशोधकांना माझी विनंती एवढीच, की वाढीचा आकडा काढताना त्याच्या शेजारी आणखी दोन रकाने आखावे : वाईट वर्षी तोटा कोणी सोसला, आणि ज्याच्या नावावर सात-बारा नाही त्याच्या पदरात काय पडले. हे दोन रकाने रिकामे असतील, तर पहिला आकडा कितीही मोठा असो, त्यावर विसंबून राहू नये.